वाइकोऱ्याचा थोराड पुकेको

मर्टल हॉगबेनला एकंदरीत माणसंच आवडत नसत. त्यातही हौसेने नदीकाठी झाडं लावणारी माणसं तिला बुटाला चिकटलेल्या शेणासारखी वाटत. शेण तरी धुतलं की जातं, ती म्हणे, ही दर रविवारी परत येतात.

तिच्या जिभेची ख्याती वाइकोरा नदीच्या दोन्ही काठांवर होती. एका हिवाळ्यात तिचा ट्रॅक्टर बॅटरी उतरून बंद पडला. मर्टल त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि त्याला, त्याच्या कारखान्याला आणि तो आधी ज्याने वापरला होता त्याच्या अख्ख्या खानदानाला असं काही बोलली, की ट्रॅक्टर आपण होऊन धडधडू लागला आणि संध्याकाळपर्यंत बंद पडायची त्याची छाती झाली नाही. दुधाचा टँकरवाला तर सांगे की मर्टलचा आवाज चढलेला असला की तो तिच्याकडचं दूध घेऊन जी धूम ठोकतो ती मोठ्या रस्त्यापर्यंत, कारण रेंगाळलं की टँकरात दही लागतं. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं ते ज्याचं त्याने ठरवावं.

पूर्वी या नदीत गाई उतरत, पाणी पीत, आणि पिऊन झाल्यावर जे करायचं तेही तिथेच करीत. मग काठाला कुंपणं आली, गाई बाहेर राहिल्या आणि कुंपणाच्या आतल्या मोकळ्या पट्ट्यात नदीमित्र मंडळ शिरलं. शहरातून येऊन इथे पाच-पाच एकर घेतलेले लोक त्यात होते. त्या पाच एकरांना ते शेत म्हणत, मर्टल परसदार म्हणे. अध्यक्ष क्रिस्पिन वेदरल. आयुष्यभर राजधानीतल्या कुठल्याशा सरकारी कचेरीत बसून निवृत्त झालेला, उंच, मऊ आवाजाचा माणूस. त्याच्याकडे तीन अल्पाका होते आणि तिघांना नावं होती. अल्पाका म्हणजे, मर्टलच्या मते, उंटाने मेंढीशी केलेली फसवणूक.

रविवारी सकाळी ही मंडळी नवीकोरी फावडी घेऊन जमत. इथली मूळची झाडं पुन्हा इथे उभी करायची, हा त्यांचा ध्यास. एकेक रोप लावायचं, त्याभोवती पुठ्ठ्याचं कुंपण खोचायचं, लावलेल्या रोपाशेजारी ओणवं होऊन फोटो काढून घ्यायचा, मग ट्रकवाल्या बॅझने तव्यावर परतलेले सॉसेज कांद्यासकट पावाच्या एकेका तुकड्यात गुंडाळून खायचे, आणि पृथ्वी वाचवल्यासारखे चेहरे करून घरी जायचं.

"बघ, बघ," मर्टल कुंपणापलीकडून कुत्र्याला मोठ्याने सांगे. "त्या बाईने रोपाला मिठी मारली. आता ते बिचारं लाजेनेच मरणार."

या सगळ्या पृथ्वीतलावर मर्टल जिला मूर्ख म्हणत नसे अशी एकच व्यक्ती होती. पारेकुरा. नदीपलीकडच्या शाळेची निवृत्त हेडमास्तरीण. तिच्या आप्तांची सगळी पोरं आणि तिने शिकवलेला सगळा गाव तिला आँटी पारे म्हणे. मर्टल आणि ती लहानपणी शाळेच्या बसमध्ये एकाच बाकावर बसत. पारेने कधी कुणाला झाड मिठीत घेताना पाहिलं तर ती हसत नसे आणि बोलतही नसे. फक्त भुवई उचले. त्या एका भुवईत मर्टलच्या शंभर शिव्यांचा ऐवज असे, आणि मर्टल त्याची कदर करी.

पारेच्या लोकांचं, म्हणजे या नदीच्या मूळ रहिवाशांचं, सभाघर नदीपलीकडच्या टेकाडावर होतं. त्याच्या भिंतींवरचे विणलेले पट जुने होऊन विटले होते, ते नव्याने विणायचे होते. त्या विणीला मागून आधार लागतो तो तोएतोए नावाच्या उंच गवताच्या तुऱ्यांच्या दांड्यांचा. सरळ, गुळगुळीत, हलके दांडे. आणि तोएतोए या काठावरून कधीच नाहीसं झालं होतं.

म्हणून एका रविवारी क्रिस्पिन गाडीभर रोपं घेऊन आला.

"तोएतोए!" तो लहान पोरासारखा ओरडला. "आँटी पारे, तुमच्या सभाघरासाठी. डोंगरापलीकडच्या रोपवाटिकेतून आणली."

मर्टल कुंपणावर रेललेली होती. ती सरळ झाली. "डोंगरापलीकडून?"

"हो. सुरेख आहेत ना?"

"म्हणजे त्या नदीचं बियाणं या नदीवर? गेल्या महिन्यात हॉलमध्ये तुम्हीच भाषण ठोकलंत ना, की बी त्याच नदीचं हवं, परक्या नदीचं चालत नाही, झाडाला आपली माती कळते, आणि काय काय? मला डुलकी लागली होती, पण तेवढं ऐकू आलं."

क्रिस्पिनचे कान लाल झाले. मंडळाचा हा पहिला नियम होता आणि त्यानेच तो घालून दिला होता. "तत्त्व तेच आहे, मर्टल. पण तोएतोए आता आपल्या काठावर उरलंच नाही, त्याला काय..."

"तुमच्या काठावर उरलं नसेल. माझ्या गोठ्यामागे माझ्या आजोबांपासून उभं आहे. एकेक ठोंब गाभण गाईएवढा."

मग काय, सगळी वरात गोठ्यामागे. ठोंब खरंच गाभण गाईएवढे होते. क्रिस्पिनने पुढे होऊन फोन काढला, एका पानावर धरला आणि भुवया गोळा केल्या. "मर्टल, फोन म्हणतोय की हे..."

"फोनला काय कळतंय? तोही डोंगरापलीकडचाच असेल."

सगळे हसले. बॅझ तर इतका हसला की त्याच्या हातातला सॉसेज पडला आणि मर्टलच्या कुत्र्याने तो वरच्या वर घेतला. क्रिस्पिनने फोन खिशात टाकला. चारचौघांत हसं झालं की खरं बोलायचं सोडून देणाऱ्या माणसांपैकी तो होता, आणि अशी माणसं मर्टलला फार सोयीची वाटत.

पारे मात्र ठोंबाजवळ गेली. तिने एक पान दोन्ही हातांनी धरून ओढलं, हातात आलेला तुकडा पाहिला आणि कोटाच्या खिशात टाकला. "हं," ती म्हणाली. "तर मग सभाघराचे दांडे तुझ्याकडून, मर्टल?"

"शब्द देते. चारी भिंती भरतील एवढे दांडे. आणि ते या नदीचे असतील, नाहीतर मला त्या अल्पाकांच्या रांगेत बांध आणि नाव ठेव."

"लक्षात ठेवते," पारे म्हणाली. मग क्रिस्पिनकडे वळून, "ती तुमची रोपं फेकू नका. मला कोंबड्यांना आडोसा हवाच आहे."

गोठ्यामागच्या ठोंबांचं बी क्रिस्पिनच्याच प्लॅस्टिकच्या मांडवात रुजवलं गेलं आणि पुढच्या हिवाळ्यात काठावर लागलं. लावताना मर्टल दर रविवारी हजर. आता ती कुंपणाच्या आत होती आणि तिच्या तुच्छतेला सरकारी मान्यता मिळाल्यासारखी झाली होती. कुणाचा खड्डा उथळ, कुणाचं रोप वाकडं, कुणाच्या फावड्यावर अजून दुकानाची चिठ्ठी. एका माणसाकडून तिने एकच रोप इतक्या वेळा उपटून लाववलं, की शेवटी रोप त्याला ओळखू लागलं. रोपं मात्र झपाट्याने वाढली. शेजारची मानुका, इथलंच एक मूळचं झुडूप, अजून गुडघ्याला होती तेव्हा ही छातीला लागली. मंडळाने काठावर लाकडी पाटी ठोकली: 'हॉगबेन तोएतोए. या नदीचं मूळ वाण.' मर्टल पाटीवरून जाताना दुसरीकडे बघे, पण जाई मात्र रोज.

पाटी लागल्यानंतरच्या दुसऱ्या नाताळात पारे तळलेल्या पावांची थाळी घेऊन आली. मर्टलच्या टेबलाशी बसून तिने चहात साखर ढवळली. "आमच्या विणणाऱ्या बाया विचारतायत. तुरे कुठवर आले?"

"येतील. जुनं वाण आहे, घाई करत नाही."

"तोएतोए नाताळापर्यंत फुलतं, मर्टल."

"तुमच्या पुस्तकांत फुलत असेल."

पारेने भुवई उचलली. ती आपल्यासाठी असेल हे मर्टलच्या स्वप्नातही आलं नाही. तिला वाटलं, पुस्तकांसाठी. खरं म्हणजे गोठ्यामागे तुरे येतात हे तिला माहीत होतं. ते कधी येतात हे, गाईंची आचळं बघण्यात जन्म घालवलेल्या बाईने कशाला लक्षात ठेवावं?

नाताळाबरोबर येणारा इथला उन्हाळा सरला. मार्चात एका सकाळी गोठ्यामागच्या फाटकाची तार तुटली आणि कालवडी बाहेर पडायच्या बेतात आल्या. जवळ दोरी नव्हती. मर्टलचे आजोबा अशा वेळी तोएतोएचं एक पान ओढून काढत आणि त्याने फाटकाला गाठ मारत. त्या गाठीला हिसके देऊन बैल दमे, पान तुटत नसे. मर्टलने ठोंबाचं लांब पान धरलं आणि ओढलं. पान टचकन तुटलं. तिने दुसरं ओढलं. तेही टचकन. तिसरं, चौथं. कालवडी तिच्यामागून ओळीने बाहेर गेल्या तरी तिला दिसल्या नाहीत. ती खाली वाकली. ठोंबाच्या बुडाशी जुनी वाळलेली पानं सुताराच्या रंध्यातून निघालेल्या सालप्यांसारखी गोल वळून पडली होती. तोएतोएची पानं अशी कधी वळत नाहीत.

आणि मग तिला बाप आठवला. कोरडा उन्हाळा, ट्रॉलीवर लादलेले ठोंब, आणि बाप म्हणतोय, परदेशी गवत आहे, पोरी, दुष्काळात गाईंना खायला होईल, वाऱ्यालाही आडोसा, बघ कसं माजतं ते. आजोबांचं तोएतोए त्याआधीच गाईंनी बुडख्यापर्यंत खाल्लेलं होतं. तिने ते शेवटचं पाहिलं तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते.

पाम्पास. वाइकोऱ्यात हे नाव शिवीसारखं घेतात. एक तुरा फुटला की वाऱ्याने त्याचं बी डोंगराच्या पलीकडे जातं आणि जिथे पडतं तिथे दुसरं काही उगवू देत नाही. ज्यांच्या बागेत शोभेला पाम्पास होतं त्यांना मर्टलने स्वतः अशी विशेषणं लावली होती, की त्यातल्या एका जोडप्याने घर विकलं. आणि आता कुंपणाच्या आत, तिच्या नावाच्या पाटीपासून वळणापर्यंत, ठोंबाठोंबाच्या पोटात जांभळट कळे फुगलेले होते.

क्रिस्पिनला कळलं असतं तर तो मऊ आवाजात म्हणाला असता, अहो, कुणाचीही चूक होते. ते ऐकण्यापेक्षा मर्टलने नदीत उडी घेतली असती. पण बाहेर येऊन त्याला काय सुनवायचं हेही तिला ठाऊक होतं. पारेची गोष्ट वेगळी. पारेला तिने शब्द दिला होता. पारेला कळलं की मर्टल हॉगबेन कोण ठरणार? फावड्यावर दुकानाची चिठ्ठी असलेली बाई. मन चांगलं आणि डोकं रिकामं. इतरांना उचलते तीच भुवई पारे तिच्याकडे बघून उचलणार. तेवढं एक तिला सोसवणार नव्हतं. तुरे उमलायच्या आत काठ साफ झाला पाहिजे, आणि तो कुणी साफ केला हे कुणाला कळता कामा नये.

शनिवारी दुपारी वाइकोऱ्यात मढं पडलं तरी कुणाला कळत नाही, कारण क्लबाच्या मैदानावर रग्बी असते आणि सगळा गाव तिकडे आरडाओरडा करीत असतो. मर्टलने मेलेल्या नवऱ्याचा निळा रेनकोट चढवला. तो मागून उसवलेला होता आणि वाकलं की आतला पांढरा परकर बाहेर डोकावे. डोक्याला क्लबाची लाल लोकरी टोपी, पायात क्लबाचेच गुडघ्यापर्यंतचे लाल मोजे, कारण ते नवऱ्याचे होते, उबदार होते आणि फुकट होते. ट्रॅक्टर मागच्या झाडीत उभा केला, साखळी ठोंबाला गुंडाळली, आणि ओढलं. ठोंब दाढ निघावी तसा निघाला. खड्ड्यात तिने पालापाचोळा ढकलला आणि ठोंब गोठ्यामागे नेऊन तिथल्या जुन्या ठोंबांसकट जाळला.

रविवारी क्रिस्पिन खड्ड्यांपाशी उभा राहून रडायच्या बेताला आला. "कुणी केलं असेल हे? मर्टल, तुमचं तोएतोए!"

पुकेको म्हणजे दलदलीतली निळी पाणकोंबडी. लाल कपाळ, लाल तंगड्या, चालताना शेपूट झटकते तेव्हा खालचं पांढरं दिसतं. नवी लावलेली रोपं उपटून बाजूला टाकणं हा तिचा आवडता उद्योग, आणि मंडळाने त्यापायी पुष्कळ मानुका गमावली होती. पण पुकेको उपटतो ती वीतभर रोपं.

"पुकेको, दुसरं कोण?" मर्टल तिरसटपणे म्हणाली. तिला वाटलं, लोक हसतील.

कुणी हसलं नाही.

"एवढा ठोंब उपटायचा म्हणजे..." क्रिस्पिन हळूच म्हणाला, "पुकेको केवढा असेल?"

मर्टलने त्याच्याकडे पाहिलं. माणसाच्या बुद्धीला तळ नसतो याची तिला खात्री होतीच, पण एवढी खोल विहीर तिने पाहिली नव्हती. आणि तिला मोह झाला. "माझ्या आजोबांनी पाहिला होता एक," ती म्हणाली. "उभा राहिला की गाईच्या पाठीवरून पलीकडचं बघायचा."

"हां, हां!" बॅझ चिमटा हलवत ओरडला. "माझा बाप पण सांगायचा. मेंढी उचलून नेली होती एकाने. लोकर तेवढी परत टाकली."

पुढच्या शनिवारी आणखी ठोंब गेले, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी. साखळीच्या ओरखड्यांना मंडळाने नख्यांच्या खुणा ठरवलं आणि त्यात प्लास्टर ओतून साचा काढला. तो साचा क्रिस्पिनच्या शेकोटीवर मांडला गेला. ही जात नामशेष झाली असं समजलं जात होतं, असं तो दुकानात सांगू लागला, जणू ती जात कधी होती. एका बाईला पक्ष्याची हाक ऐकू आली. एकाचा अल्पाका घाबरून गवत खाईना. मर्टल हे सगळं ऐके आणि तिच्या तुच्छतेचं पोट इतकं भरे, की रात्रीचं जेवण ती टाळी. एका सभेत तिने मंडळाला तोंडावर बावळटांचा बाजार म्हटलं आणि उठून चालती झाली. तिथेच चुकलं. ती गेल्यावर सभेने काठावर कॅमेरा लपवायचं ठरवलं.

कॅमेऱ्याचं तिला कळलं ते हॉलच्या दारात, भिंतीवर पांढरी चादर ताणलेली पाहून. गाव लोटलं होतं. पुढच्या रांगेत पारे विणकाम घेऊन बसली होती. दारातून परत फिरणं म्हणजे कबुली. मर्टल शेवटच्या खुर्चीवर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडात एकही शिवी नव्हती.

"मित्रहो," क्रिस्पिनचा आवाज कापत होता, "शनिवारी पाऊस होता, काचेवर थेंब आहे. पण तुम्हीच बघा."

दिवे गेले. चादरीवर राखाडी पाऊस, ओली झाडं आणि एका कडेने आत आलेलं काहीतरी. मोठं, निळं, वर लाल, खाली दोन लांब लाल तंगड्या. ते इकडेतिकडे मान वळवून पाहतं. मग ओणवं होतं, आणि मागून पांढरं झळकतं.

"शेपूट झटकली!" बॅझ ओरडला. "बघितलं? शेपूट!"

ते निळं काहीतरी चित्राच्या बाहेर गेलं. क्षणभराने ठोंब थरथरला, उचकला आणि आपण होऊन जमिनीतून बाहेर उडी मारून गेला. हॉलमध्ये एक बाई किंचाळली. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. मग टाळ्या सुरू झाल्या, लोक उभे राहिले, आणि क्रिस्पिन वेदरल, ज्याच्या डोळ्यांना चष्मा होता आणि नावापुढे दोन पदव्या होत्या, तो डोळे पुसू लागला.

मर्टल सुटली होती. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटला तो अपमान. हॉगबेनांच्या चार पिढ्या या नदीवर मेल्या, आणि अख्ख्या गावात एका माणसाला तिचं ढुंगण ओळखता येऊ नये?

"क्रिस्पिन." पारेचा वर्गातला आवाज. हॉल आपोआप खाली बसला. "हा पक्षी शेजारची मानुका उपटतो का?"

"नाही, आँटी पारे. हेच तर विलक्षण आहे. एकही नाही. फक्त तोएतोए."

"फक्त तेच ठोंब."

"फक्त तेच."

"हुशार पक्षी आहे," पारे म्हणाली आणि सुया पुन्हा चालू केल्या. "काय उपटायचं ते उशिरा का होईना, त्याला कळलं."

मर्टलचे कान पुकेकोच्या चोचीसारखे लाल झाले.

बाहेर गाड्यांपाशी पारे तिची वाट बघत उभी होती. आत अजून गलका चालला होता. पक्ष्याला नाव काय द्यावं यावर मतदान होतं.

"कधीपासून?" मर्टलने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. पान ओढलं, टचकन तुटलं. अजून त्या कोटाच्या खिशात असेल."

"आणि तू बोलली नाहीस? दोन हिवाळे मला त्या पाटीखालून मिरवू दिलंस?"

"तू साऱ्या गावाला आयुष्यभर मूर्ख म्हणत आलीस, मर्टल. मला एकदा बघायचं होतं, आपली पाळी आली की तू काय करतेस." तिने भुवई उचलली. सरळ मर्टलकडे बघून, पुरती, पहिल्यांदाच. "पाणकोंबडी होशील असं मात्र वाटलं नव्हतं."

"तुरे फुटले असते तर? सगळी नदी गेली असती!"

"फुटायच्या आत माझे भाचे फावडी घेऊन येणारच होते. सांगून ठेवलं होतं. पण मग पहिल्या शनिवारी मला आमच्या टेकाडावरून परकर दिसला, आणि मी त्यांना म्हटलं, थांबा, काम होतंय."

मर्टलने गाडीच्या चाकाला लाथ मारली, पण हलकीच. टँकरवाला तिथे असता तर त्या रात्री निवांत चहा पिऊन गेला असता.

"दांडे," ती शेवटी म्हणाली. "मी शब्द दिला होता."

"दांडे मिळाले. नाताळातच कापले. सभाघराच्या तीन भिंती विणून झाल्यात."

"कुठून?"

"माझ्या कोंबड्यांच्या आडोशातून."

मर्टल गाडीच्या टपावर हात टेकून उभी राहिली. "त्याची रोपं? त्या अल्पाकावाल्याची? डोंगरापलीकडची?"

"त्याचीच. खरीखुरी तोएतोए. कोंबड्या बेहद्द खूश आहेत. आता त्या रोपांचे फुटवे काढून मी काठावर आणणार. चौथी भिंत तिथून भरायची आहे, आणि शब्द तुझा आहे, म्हणून लावायची तू." पारेने गाडीचं दार उघडलं. "आणि पाटी बदलायची. 'वेदरल तोएतोए'."

"मी मरेन."

"रोपं लाव आणि मग मर."

"त्याला सांगणार आहेस? की ते पाम्पास होतं?"

"तू सांगणार आहेस. पुकेकोचं सांगू नकोस वाटल्यास. त्याला एवढा आनंद पुन्हा मिळायचा नाही."

शनिवारी दुपारी मैदानावर गाव ओरडत होतं. काठावर दोन म्हाताऱ्या आणि क्रिस्पिन वेदरल असे तिघेच होते. पाम्पासचं त्याला मर्टलने सकाळीच सांगितलं होतं, एका दमात, जमिनीकडे बघून. तो मऊ आवाजात म्हणाला होता, अहो, कुणाचीही चूक होते. आणि मर्टल, सगळी नदी साक्षीला आहे, गप्प राहिली होती. शेवटचे ठोंब आता ट्रॅक्टरने निघाले होते. क्रिस्पिनची समजूत अशी होती, की थोराड पुकेकोने ही झाडं परकी आहेत हे ओळखलं, म्हणून उपटली. त्यावर तो एक लेख लिहिणार होता.

"बावळट," मर्टल पुटपुटली आणि फावडं मारलं.

"खड्डा उथळ आहे," पारे म्हणाली.

मर्टलने तो खोल केला. रोप ठेवलं, माती दाबली. पारेने खाली वाकून त्याचं एक लांब पान तिच्या हातात दिलं. "ओढ."

"मला माहीत आहे."

"ओढ."

मर्टलने पान मुठीत धरलं आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओढलं. पान तुटलं नाही. मुठीतून सरकलं आणि तळहातावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ उमटली. मर्टलने पानाला, डोंगरापलीकडच्या त्या नदीला आणि जगातल्या सगळ्या अल्पाकांना एक सणसणीत शिवी हासडली. मागच्या झाडीत ट्रॅक्टर आपोआप सुरू झाला.

"आता ओळखशील," पारे म्हणाली, आणि पुढचं रोप तिच्या हातात दिलं.